हल्ल्याच्या रकान्यात बाबा

४ फेब्रुवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फेकायला निदान जागेवरून उठावं तरी लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. बाबांनी कोणावरही हल्ला केलेला नाही. आमच्या सेवागृहाकडून तुला जे पत्र आलं ना, 'आपल्या वडिलांनी सहनिवासी व्यक्तीवर धारदार वस्तूने हल्ला केला' वगैरे, ते मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. मग त्यावर तू पाठवलेलं उत्तर वाचलं. तेव्हा मात्र कपाळही पुरेना.

झालं काय ते ऐक. बाबा इथे आले तेव्हा सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवण आलं की उठायचे, पुन्हा भिंत. मग एकदा समोरच्या खाटेवरच्या गृहस्थांचे कानावर आलेले केस त्यांना सहन होईनात. मला म्हणाले, "कात्री आणून दे, त्या माणसाकडे बघवत नाही." मी रीतसर परवानगी काढली आणि कात्री, कंगवे, पांढरी चादर आणून दिली. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बाबांचं दुकान. सकाळी नाश्ता झाला की लोक रांगेत. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही ते स्वतःचा नंबर बरोबर सांगतात.

त्यात एक स्टेशनमास्तर आहेत. खरेच स्टेशनमास्तर होते. मेंदूला झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, फक्त 'हो ना' एवढे दोन शब्द उरले. ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. दाढी करताना बाबांच्या हातून त्यांच्या हनुवटीला जरासं लागलं. तुला-मला लागलं असतं तर तुरटी फिरवून विसरलो असतो. त्यांचं रक्त थांबेना. पांढरी चादर, पांढरा टॉवेल, आणि नवी सिस्टर दारातून आत आली ती किंचाळतच.

तिची चूक नाही. तिनं नियमाप्रमाणे संगणकावर घटनेची नोंद केली. आमची ती नोंदपद्धत वरच्या ऑफिसातून आलेली आहे. ती विचारते, इजा कोणाला? रहिवाशाला. इजा कोणामुळे? कर्मचारी, यंत्र, स्वतः, की दुसरा रहिवासी? तिनं 'दुसरा रहिवासी' निवडलं. ते निवडलं की पुढे एकच रकाना उघडतो: हल्ला. दुसरं काही निवडताच येत नाही! ज्यानं कोणी हे बनवलं त्या महाभागाच्या डोक्यात एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याची दाढी करेल हे आलंच नाही. पुढे विचारलं, वस्तू? धारदार. सिस्टरनं बटण दाबलं, आणि तुला पत्र आपोआप निघालं, कारण बाबांचा पहिला संपर्क तू आहेस.

तू विमानांची देखभाल तपासतोस. मला सांग, तुमच्याकडे विमानाला पक्षी धडकला तर तुम्ही त्याला अपहरण म्हणता का?

ठीक आहे, पत्र आलं, तू घाबरलास. कोणीही घाबरेल. मग एक फोन करायचास. तू काय लिहिलंस? "योग्य ती कडक पावलं उचला. त्यांचा हात पूर्वीपासून चालतो." दादा, ते वाक्य आता त्यांच्या फाइलमध्ये आहे. त्याखाली कोणीतरी लाल अक्षरात 'पूर्वेतिहास: हिंसक' असं लिहिलंय. नुसत्या चुकीच्या रकान्यातून मी त्यांना बाहेर काढलं असतं. पण घरचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण काय करणार?

आता वरच्या ऑफिसातून परीक्षक येणार, बैठक होणार, आणि बाबांना बंद विभागात हलवायचं की नाही ते ठरणार. बंद विभाग म्हणजे कुलपाचं दार, आणि आत हातात चमचासुद्धा मोजून देतात. मी तिथे रोज जाते, मला माहीत आहे. बाबा तिथे जगणार नाहीत. भिंतीकडे तोंड करतील आणि संपतील.

तुझं वाक्य मागे घे. एका ओळीचं काम आहे.

रागावलेली,
तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "तू तिथली जोखीम विभागाची प्रमुख आहेस, तूच बघ." व्वा! अगदी मोकळा झालास.

तेच तर करता येत नाही, हे तुला कसं समजावू? जवळच्या नातेवाइकाच्या प्रकरणात कर्मचाऱ्यानं हात घालायचा नाही, असा नियम आहे. चांगला नियम आहे. दुसऱ्या कोणी मोडला असता तर मीच त्याला धारेवर धरलं असतं. त्यामुळे माझ्याच विभागातल्या बाकीच्या सगळ्या फाइली मी उघडू शकते, बाबांची उघडली की पडद्यावर लाल पट्टी येते. तुझं उत्तर मला मोठ्या मॅडमनी दाखवलं, तेही 'घरची व्यक्ती म्हणून'. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या संचालक. बाई वाईट नाहीत. पण कागदावर जे आलं ते खरं आणि जे आलं नाही ते झालंच नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मी त्यांना म्हटलं, "मॅडम, वॉर्डमधल्या कोणालाही विचारा, बाबा कोणाला चिमटासुद्धा काढणार नाहीत."

त्या म्हणाल्या, "मला वैयक्तिकरीत्या माहीत आहे गं. पण वैयक्तिक माहितीला रकाना नाही."

"मग स्टेशनमास्तरांना तरी विचारा."

"विचारलंय. जबाब घेतलाय."

जबाब कसा घेतला माहीत आहे? त्यांना विचारलं, "यांनी तुम्हाला मुद्दाम मारलं का?" ते म्हणाले, "हो ना." लिहून घेतलं: 'पीडित व्यक्तीने दुजोरा दिला.' अरे देवा! त्या माणसाला "तुम्ही चंद्रावर जाऊन आलात का" विचारलं तरी तो 'हो ना'च म्हणणार आहे! सगळ्या वॉर्डला हे ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या बाईलासुद्धा ठाऊक आहे, ती त्यांना प्रश्न विचारतच नाही, दोन वाट्या समोर धरते आणि नजर कुठे जाते ते बघते. पण जबाब घेणारा मनुष्य वरच्या ऑफिसातून आला होता आणि त्याला पुढच्या गाडीची घाई होती.

तोपर्यंत बाबांवर 'खबरदारी योजना' लागू आहे. जेवायला वेगळं टेबल, पाठ भिंतीला. प्लॅस्टिकचा चमचा. बाथरूमला जाताना बरोबर दोन माणसं, त्यातला एक बिचारा त्यांच्याकडून केस कापून घ्यायचा, तो आता मान खाली घालून चालतो. कात्री, कंगवे, चादर, सगळं कपाटात सील केलंय. कंगवेसुद्धा! मी विचारलं, कंगव्यानं काय होणार? तर म्हणे एका संचात होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, रक्त फार गेलं म्हणून काही दिवस काम बंद ठेवलंय. मला विचारतात, "मास्तरांची हनुवटी भरली का?" मी हो म्हणते. "मग कधी सुरू करायचं? सगळे बघ कसे दिसतायत." आणि खरंच दिसतात. सगळ्यांच्या मानेवर केस आलेत. बैठकीच्या खोलीत टीव्ही बघत बसलेले असतात तेव्हा मागून बघवत नाही.

बैठकीची तारीख ठरली आहे, या महिन्याच्या शेवटी. तिथे तुझं वाक्य मोठ्यानं वाचलं जाईल. कुटुंबाकडून आलेली माहिती वाचायची पद्धत आहे. आणि रहिवाशाला बैठकीत बसायचा हक्क आहे, कळलं की बाबा बसणारच. म्हणजे तुझं ते वाक्य बाबा परीक्षकाच्या तोंडून ऐकतील.

तुला तेच हवं असेल तर तसं सांग. मग मी पुन्हा लिहिणार नाही.

— मी


१९ फेब्रुवारी

दादा,

चक्क दोन पानांचं पत्र! मी आधी पाकीट उलटसुलट करून बघितलं, चुकून आलं की काय म्हणून.

तू दोन गोष्टी विचारल्यास. दोन्हींची उत्तरं देते. त्यातलं एक मला द्यायचं नव्हतं.

पहिली: "हात थरथरतो का? मला खरं सांग." तुझ्यातला तपासनीस बरोबर जागा पकडतो. थरथरतो. वर्षभरापासून. कात्री धरली की थांबतो, कारण कात्रीला कामाचा ठेका असतो, पण वस्तरा धरला की हनुवटीपाशी बारीक कंप येतो. आणि वस्तऱ्याची परवानगी नव्हती. मी कात्रीची काढली होती. वस्तरा त्यांनी मोज्यात लपवून आणला होता आणि 'गिऱ्हाइकाला अर्धवट सोडत नाहीत' म्हणून दाढ्या करत होते. हे मी पहिल्या पत्रात गाळलं. जरासं लागलं, एवढंच लिहिलं. गाळलं, कारण तुझ्या हातात अजून एक काठी द्यायची नव्हती मला. आता दिली. मार हवं तर.

पण यातून निघतं काय? वस्तरा काढून घ्या, एवढंच ना? रक्त पातळ असलेल्यांची दाढी मशीननं करा, शेजारी एक माणूस उभा ठेवा, हाताची तपासणी करून घ्या. माझं कामच हे आहे दादा. लोकांना वाटतं जोखीम विभाग म्हणजे सगळ्याला नाही म्हणणारी बाई. माणूस जगतोय म्हटल्यावर काहीतरी सांडणार, कुठेतरी लागणार. ते कमीत कमी कसं लागेल हे बघायचं, माणसालाच काढून टाकायचं नाही. हे मी नव्या मुलींना शिकवते, आणि माझ्याच बापाच्या वेळेला मला दाराबाहेर उभं केलंय. चीड येते रे, सगळ्यांची येते. स्वतःचीसुद्धा.

दुसरी: "ती थोबाडीत तू पाहिली होतीस. मग मी खोटं काय लिहिलं?"

पाहिली होती. मी आपल्या सलूनच्या आतल्या पडद्याजवळ उभी होते. तुला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचा आठवडा होता. कोणीतरी बडं गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं तुला विचारलं, तू यांचा मुलगा का? आणि तू म्हणालास, "नाही, ओळखीचा आहे, सहज बसलोय." बाबांच्या हाताला साबणाचा फेस होता. तशाच हातानं त्यांनी तुला मारलं. तुझ्या गालावर फेस राहिला, आणि तू तो न पुसता निघून गेलास.

मारायला नको होतं. भर दुकानात, लोकांसमोर, वयात आलेल्या मुलाला. मी त्यांची बाजू घेत नाही. पण दादा, एक थोबाडीत म्हणजे 'हात पूर्वीपासून चालतो' नव्हे. तुलाही कळतंय ते. तू तुमच्या त्या कारखान्यात एका सैल स्क्रूवरून 'विमान पूर्वीपासून पडतं' असं लिहिशील का? तू राग लिहिलास आणि त्याला माहिती म्हटलंस.

आणखी एक वाईट बातमी. बाबांना कळलं. त्या दोन माणसांपैकी दुसरा नवा होता, तो फोनवर कोणालातरी सांगत होता, "हा तो हल्लेवाला पेशंट." बाबांनी ते ऐकलं. मी गेले तेव्हा म्हणाले, "मी मास्तरांना मारलं असं लिहिलंय?" मी रकान्यांची सगळी कथा सांगितली. ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे पत्र कुठे कुठे गेलं?"

मी म्हटलं, "ऑफिसात."

"आणि?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी जेवले नाहीत, आजही नाही.

आता तरी लिही.

— मी


२८ फेब्रुवारी

दादा,

आज सकाळी तुझी ओळ पोचली. "मागील मजकूर विचारात घेऊ नये." मला दोन पानं लिहिता येतात तुला, त्यांना मात्र हे पाच शब्द! असो. आली, पुष्कळ झालं. मोठ्या मॅडमनी ती छापून फाइलला लावली आणि जुना कागद काढून घेतला. मला म्हणाल्या, "आता हे रकान्यात बसतं." मी त्यांच्या पाया पडायचंच बाकी होतं.

बैठकीचं सांगते. कर्मचारी म्हणून मला प्रवेश नव्हता, म्हणून मी रजा टाकली. माझं कार्ड गेटवर जमा केलं आणि 'पाहुणे' लिहिलेला बिल्ला गळ्यात अडकवला. जो पहारेकरी मला रोज सलाम ठोकतो त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "वडिलांना." "नातं?" अरे, वडिलांना भेटायचंय म्हटल्यावर नातं काय विचारतोस? पण तोही बिचारा नियमच पाळत होता, आणि ते नियम मीच बसवलेत. गपचूप 'मुलगी' म्हणून सही केली.

मी मागच्या खुर्चीत, बोलायची परवानगी नाही. परीक्षक तरुण होता, नीटनेटका, चेहऱ्यावर काही नाही. बाबा समोर. स्वच्छ शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. इतके बारीक झालेत की कॉलर मानेभोवती फिरत होती.

स्टेशनमास्तरांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. परीक्षकानं विचारलं, "यांनी तुम्हाला इजा केली का?"

"हो ना."

"मुद्दाम केली का?"

"हो ना."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. तेवढ्यात ती नवी सिस्टर, जी किंचाळली होती तीच, उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्यांना विचारा, तुम्ही बाई आहात का." परीक्षक गोंधळला. पण विचारलं त्यानं. मास्तर म्हणाले, "हो ना," आणि इतके वैतागले की त्यांचं तोंड लाल झालं. एवढी शिकलेली माणसं आणि काय विचारतायत, असा तो चेहरा!

मग त्यांनी काय केलं ऐक. चांगल्या हातानं मांडीवरचा टॉवेल उचलला. गळ्याभोवती टाकायला बघत होते, एका हातानं जमेना. सिस्टर पुढे झाली तर तिला ढकललं. कसाबसा तो खांद्यावर टाकला, खुर्ची बाबांकडे फिरवली, आणि मान मागे टाकून हनुवटी वर केली. सगळा गळा उघडा. डोळे मिटले आणि वाट बघत बसले.

परीक्षकानं पेन खाली ठेवलं. मला रडू आलं आणि पाहुण्यांना रडायची मनाई आहे असा नियम अजून तरी कोणी केलेला नाही, म्हणून रडले.

बाबा उठले, मास्तरांचा टॉवेल नीट केला आणि त्यांना म्हणाले, "आज नाही मास्तर. हत्यार जप्त आहे." मग परीक्षकाकडे वळून स्वतःहून सांगितलं, "माझा हात थरथरतो. वस्तरा मी लपवून आणला, ती माझी चूक. तो परत देऊ नका. कात्री द्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरांनी हात बघून ठरवावं. ते म्हणतील ते मी ऐकेन."

परीक्षक म्हणाला, "म्हणजे तुमची मुख्य मागणी कात्रीची आहे, असं लिहू?"

"नाही. तुम्ही माझ्या मुलाला पत्र पाठवलंय, मी माणूस मारला म्हणून. ते आधी परत बोलवा. कात्रीचं नंतर बघू."

परीक्षक म्हणाला, पाठवलेलं पत्र परत बोलावायची सोय पद्धतीत नाही. दुरुस्तीचं पत्र जाईल. 'अनवधानाने झालेली इजा, वैयक्तिक निगा राखताना' असा नवा रकाना तो वरच्या ऑफिसाला सुचवणार आहे. बंद विभाग रद्द. खबरदारी योजना रद्द. डॉक्टर हात तपासतील. मी जे सगळं मागत होते ते मिळालं, आणि बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात थांबले. मला म्हणाले, "त्याला खरं वाटलं का?"

दादा, मी दिवसभर लोकांवर ओरडते, जे झालं तेच लिहा, तेच सांगा, पदरचं घालू नका. बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि बेधडक सांगितलं, "छे! तो तर हसला. म्हणाला, काहीतरी घोळ घातलाय तुमच्या लोकांनी."

"हसला?"

"हसला."

ते हं म्हणाले आणि जेवायला गेले. नीट जेवले.

तर आता तू हसला होतास. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली आहे आणि ती दुरुस्त करायची माझी अजिबात इच्छा नाही. तू फोन कर. काय बोलायचं ते तुझं तू बघ. पण हसलो नव्हतो, असं म्हणालास तर मी तिकडे येऊन तुझं काय करीन त्याला कुठल्याच संगणकात रकाना सापडणार नाही.

— तुझी बहीण


९ मार्च

दादा,

काल तू फोन केलास. वॉर्डच्या फोनवर, सगळ्यांसमोर. सिस्टरनं मला बोलावून घेतलं, पण मी पोचेपर्यंत तू ठेवला होतास.

बाबा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी कात्रीला हो म्हटलंय, शेजारी एक माणूस उभा असेल तर. मानेवरून मशीन फिरवायलाही हो म्हटलंय. मशीनला बाबा नावं ठेवतात, गवत कापायचं यंत्र म्हणतात, पण वापरतात. समोर रांग होती. फोन आला म्हणून एक गृहस्थ अर्धे केस कापलेले तसेच बसून होते.

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, मला एक क्षणभरही खरं वाटलं नाही. हसू आलं म्हणाला."

"बघा. मी सांगितलंच होतं."

बाबा कात्री पुसत होते. म्हणाले, "दोघंही खोटं बोलता."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं. "खरं वाटलं नसतं तर इतक्या वर्षांनी फोन कशाला केला असता त्यानं? त्याला खरं वाटलं. वाटणारच. मी मारलं होतं त्याला." मग म्हणाले, "तुला काय वाटायचं ते वाटो, पण फोनवर त्याला म्हणालो मी तसं. की त्या दिवशी मी मारायला नको होतं."

"मग तो काय म्हणाला?"

"मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, मीही तसं म्हणायला नको होतं, गिऱ्हाइकाला."

त्यांनी चादर झटकली आणि त्या अर्ध्या गृहस्थांच्या गळ्याभोवती पुन्हा बांधली. मला वाटलं झालं, विषय संपला. मी दाराकडे निघाले तर मागून हाक मारली.

"अगं, एक विचारायचं राहिलं त्याला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तू लिहितेस ना त्याला? विचार."

"काय?"

"तिकडे त्याचे केस कोण कापतं?"

विचारतेय. खरं काय ते लिही.

— तुझी बहीण